कोतवाल आणि कारभारी

पुण्याला घराच्या बंदोबस्ताबद्दल कोणी नवं काही शिकवायला जाऊ नये. या विषयात जे जे फसू शकतं, ते इथे अठरावं शतक संपायच्या आत फसून झालेलं आहे, तेही मोठमोठ्यांच्या वाड्यांत. तरी दर काही वर्षांनी एखादा उत्साही माणूस येतो आणि आता सगळं आपोआप होणार, असं सांगतो. आमच्या एरंडवण्यातल्या घरी हा माणूस बाणेरहून येतो, मला मामा म्हणतो, आणि हातपाय धुवायच्या आधी राउटरचे दिवे बघतो.

अलार्मचं पॅनेल आमच्याकडे आलं तेव्हा हा भाचा शाळेत होता. चपलांच्या कपाटावर पत्र्याची पेटी, पेटीत एक सर्किट, एक ट्रान्सफॉर्मर आणि 12 व्होल्टची, 7 अँपिअर-अवरची, विटेसारखी जड बॅटरी. दारंखिडक्यांच्या चौकटींत चुंबकावर चालणारे छोटे स्विच. दार लागलेलं असलं की चुंबक जवळ आणि तारेतला प्रवाह चालू. दार उघडलं की चुंबक लांब, प्रवाह बंद आणि पॅनेल जागं. या तारेच्या अगदी टोकाला एक रेझिस्टन्स बसवलेला असतो, त्यामुळे प्रवाह नेमका किती यायला हवा हे पॅनेलला ठाऊक असतं. चोराने तार कापली तर प्रवाह येतच नाही. हुशारी करून दोन तारा मध्येच एकमेकींना जोडल्या तर नको तेवढा येतो. दोन्ही वेळा काहीतरी काळंबेरं आहे हे पॅनेल ओळखतं. कमी नको, जास्त नको, ठरलंय तेवढंच हवं, हा बाणा त्याला कारखान्यातूनच मिळालेला असल्यामुळे पुण्यात रुळायला त्याला वेळ लागला नाही.

कल्पना तशी जुनीच. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं ते 1853 मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी सुटली त्याच साली. आगगाडी तेव्हापासून ओळखू येणार नाही इतकी बदलली. दार उघडलं की जोडणी हलते आणि घंटा वाजते, हे मात्र जवळपास तसंच आहे.

दुसरी व्यवस्था भाच्याने गेल्या दिवाळीत आणली. तळहाताएवढा संगणक, त्यावर होम असिस्टंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली. पॉलस स्काउटसेन नावाच्या तरुणाने 2013 मध्ये ती सुरू केली आणि जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवली. आता दिवे, पंखे, गिझर, गच्चीवरच्या टाकीचा पंप हे सगळे या संगणकाच्या ऐकण्यात आहेत. संध्याकाळ झाली की व्हरांड्यातला दिवा लागतो. टाकी भरली की पंप बंद होतो, ही तर खरोखरच मोठी सोय, कारण पूर्वी टाकी भरल्याची बातमी आम्हाला शेजारच्यांच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून आणि त्यामागोमाग शेजारच्यांकडून मिळायची.

या दोघांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे आहेत. नव्या संगणकाला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. कोणी फोनवरून सांगो, भिंतीवरचं बटण दाबो, तोंडाने बोलो, तो हो म्हणायला टपलेला. पॅनेलला कोणालाच खूश ठेवायचं नसतं. घरच्या मालकानेही दार उघडल्यावर अर्ध्या मिनिटात चार आकडे दाबले नाहीत तर ते मालकाला चोर ठरवतं. पेशवाईतली पदं द्यायची झाली तर संगणक हा कारभारी आणि पॅनेल हा कोतवाल.

"मामा, हे दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत?" असं भाच्याने एका रविवारी विचारलं. पोहे चालू होते म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याचा बेत असा: आम्ही घराबाहेर पडलो की फोन लांब गेल्याचं कारभाऱ्याला कळावं, त्याने दिवे-पंखे बंद करावेत आणि कोतवालाला पहाऱ्यावर बसवावं. आम्ही परत गल्लीच्या तोंडाशी आलो की त्यानेच पहारा उठवावा, व्हरांडा उजळावा आणि गिझर लावावा. मधल्या वेळात चोर आलाच तर घरातले सगळे दिवे एकदम लागावेत. यातलं शेवटचं मला लगेच पटलं. अलार्मचा भोंगा शेजाऱ्यांना उठवतो, पण कुठल्या घराकडे धावायचं हे त्यांना सांगत नाही. काळोख्या आळीत एकच घर लग्नघरासारखं उजळलं तर प्रश्नच मिटला.

पण आमच्या घरात ‘बाहेर पडणं’ म्हणजे काय, यावरच गाडी अडली. अलार्मची पॅनेलं बनवणाऱ्यांनी घराच्या दोन अवस्था कल्पिलेल्या असतात: सगळे बाहेर, किंवा सगळे आत आणि झोपलेले. आमच्याकडे आई नव्वदीकडे झुकलेली, ती सहसा बाहेर जात नाही आणि झोपते असंही नाही. कामाच्या मावशी मागच्या दाराने येतात आणि पुढच्या दाराने जातात. गणपतीच्या दिवसांत तर पुढचं दार लागतच नाही. गौरी जेवून जाईपर्यंत पॅनेलचा तो भाग ‘बायपास’ करून ठेवावा लागतो. एखादी खिडकी नीट लागत नसेल तर तेवढीच पहाऱ्यातून वगळायची, याला अलार्मवाले बायपास म्हणतात. सोय चांगली आहे, फक्त वगळलेली खिडकी पुन्हा पहाऱ्यात घ्यायची कोणाला आठवण राहत नाही.

जोडणीचं सामान आणायला आम्ही तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्याचं विजेचं कोठार. तिथे पाहिजे ते मिळतं, आणि ते आपल्याला का नको आहे हेही ऐकायला मिळतं. दुकानदाराने भाच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. भाच्याला पॅनेलच्या आतल्या संदेशवाहिनीलाच तार जोडायची होती. कुठलं दार, कुठल्या वेळी, कोणाच्या कोडने, सगळा वृत्तांत त्याला हवा होता. दुकानदार म्हणाले, "पॅनेलला रिलेचं आउटपुट आहे ना? दोन स्क्रू असतात बघा. अलार्म झाला की ते आतून जोडले जातात, नाही तर सुटे. एवढं पुरे. पेटीत डोकं घालू नका, कंपनीवाला आला की आधी तुमचं डोकं बघेल." भाचा हिरमुसला. मला मात्र ते दोन स्क्रू फार आवडले. त्यांना एकच गोष्ट सांगता येते, आहे किंवा नाही. वाद घालायला जागाच नाही.

दुकानदारांनी वर एक ऑप्टोकपलरही दिला. नखाएवढा काळा तुकडा. त्याच्या पोटात एका बाजूला इवलासा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो बघणारा डोळा. पॅनेलकडून इशारा आला की दिवा लागतो, डोळा तो पाहतो आणि संगणकाला कळवतो. वीज या बाजूची त्या बाजूला जात नाही. संगणकाकडे काही जळलं तर पॅनेलला झळ लागत नाही. घरी आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की हे विजेचं सोवळं आहे, बोलायचं पण शिवायचं नाही. तिला ते इतकं पटलं की अख्ख्या जोडणीतला तेवढाच भाग तिने पुढे दोन-तीन पाहुण्यांना समजावून सांगितला.

जोडणीनंतरची पहिली धरपकड धाकट्या काकांची झाली. काका दिवाळीला आले की पुढे बरेच दिवस राहतात, आणि त्यांच्या रक्तातल्या साखरेवर सगळ्या घराचं लक्ष असतं. आमचं मागचं दार स्वयंपाकघरात उघडतं, म्हणून तिथला हालचाल ओळखणारा सेन्सर रात्रीही जागा ठेवतो. मध्यरात्रीच्या सुमारास भोंगा वाजला, घरातले झाडून सगळे दिवे लागले आणि भाच्याच्या ध्वनिमुद्रित आवाजात स्पीकर गरजला, "स्वयंपाकघरात हालचाल!" हालचाल फडताळापाशी उभी होती. तिच्या एका हातात बेसनाच्या लाडवांच्या डब्याचं झाकण होतं. शेजारचे जोशी काका काठी घेऊन कुंपणापर्यंत आले, सगळं पाहिलं आणि "चालू द्या" म्हणून परत गेले.

काका दुसऱ्या दिवशीही घुश्श्यात होते. स्वतःच्या घरात माणसाने रात्री उठूही नये का, असा त्यांचा प्रश्न. त्यांना मी विल्यम टोनचा दाखला दिला. हा आयरिश माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या लष्करी चाकरीत होता आणि मराठ्यांच्या रीतीभातींवर त्याने लिहून ठेवलं आहे. पुण्याच्या पोलिसी व्यवस्थेचं त्याला भारी कौतुक. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला गस्तवाले धरत आणि सकाळी कोतवालासमोर उभं करेपर्यंत सोडत नसत. हा नियम इतका कडक, की अवेळी बाहेर सापडल्यामुळे खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अटकेत राहावं लागलं, असं टोन म्हणतो. "पेशव्यांना!" मी म्हटलं. काका थोडे निवळले. पेशव्यांच्या पंगतीला बसायला मिळालं म्हटल्यावर अटकेचं त्यांना तेवढं वाटेना.

मला स्वतःला टोनची ही गोष्ट आवडते, कारण बंदोबस्ताची इतकी सोपी कसोटी दुसरी नाही. मालकालाच धरणारा कोतवाल चोरालाही धरेल. मालकाला सवलत देणारा कोतवाल मालकाचा आवाज काढणाऱ्यालाही सवलत देईल.

आता पहारा आपोआप उठवण्याचा प्रश्न. भाच्याचा हट्ट होता की कारभाऱ्याला तेवढा अधिकार द्यावाच. संगणकाकडून जाणाऱ्या आज्ञा कशा दिसतात ते त्याने मला पडद्यावर दाखवलं. पहाऱ्यावर बस म्हणजे ‘आर्म’, पहारा उठव म्हणजे ‘डिसआर्म’. दोघींत फरक तो दोन अक्षरांचा. याहून कमी फरकात पुण्यात पेशवा गेलेला आहे. रघुनाथरावांच्या चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, ही कथा खरी की मागाहून रचलेली, याचा निकाल इतिहासकारांनी लावावा. पण 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावांना मारलं ते कुंपण ओलांडून आलेल्या कोणी नव्हे, तर चाकरीतल्याच गारद्यांनी, एवढं नक्की. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीसाठी होते. आतून निघालेल्या आज्ञेला खिळे कुठे ठोकणार? भाचा म्हणाला, आता संदेश कुलूपबंद असतात, वाटेत कोणाला अक्षर बदलता येत नाही. खरं आहे. पण फोन ज्याच्या हातात त्याच्याकडे किल्लीही असते, आणि भाच्याचा स्वतःचा फोन आजवर दोन रिक्षांतून एकटाच फिरून आलेला आहे.

मग त्याने मधला मार्ग सुचवला: तोंडाने आज्ञा द्यायची. त्यातही धोका नको म्हणून आवाजी मदतनीस पहारा उठवण्यापूर्वी गुप्त आकडा विचारतो. आकडा म्हणायचा कसा, तर मोठ्याने. आमच्या स्वयंपाकघरातली फोडणी कसली आहे हे जिथे जोशी काकूंना कळतं, तिथे हा आकडा किती दिवस गुप्त राहील, याचा विचार मदतनिसाच्या कंपनीने केलेला दिसला नाही.

कोतवालाचं तोंड पार बंद ठेवावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. 1777 साली, नाना फडणवीसांच्या कारभारात, घाशीराम सावळादास पुण्याचा कोतवाल झाला. पुढे 1791 मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेली माणसं गुदमरून मेली, शहर खवळलं आणि नानांना त्याला लोकांच्या हवाली करावं लागलं. कोतवालीत काय चाललं आहे हे कारभाऱ्याच्या कानावर वेळेत गेलं नाही, किंवा गेलेलं त्याने मनावर घेतलं नाही. तपकीर गल्लीपासून नानावाडा चालत जाण्याएवढा जवळ आहे. रिलेच्या पुड्या खिशात घालून त्या बाजूने जाताना मला हे फार जाणवलं. तेव्हा तार हवीच. प्रश्न तिच्या दिशेचा. कोतवालाने सांगावं, कारभाऱ्याने ऐकावं, दिवे लावावेत, चारचौघांना कळवावं. पहारा उठवायचा असेल तर ज्याने त्याने दारात उभं राहून आकडे दाबावेत.

आणि ऐकणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. हालचाल ओळखणारा सेन्सर खरं म्हणजे हालचाल बघत नाही, उष्णता बघतो. आसपासच्या भिंतीपेक्षा गरम असं काहीतरी त्याच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकलं की तो ओरडतो. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा सदतिसापर्यंत चढला की भिंतही माणसाइतकीच गरम होते, आणि भर दुपारी आलेला चोर या सेन्सरला नीटसा दिसत नाही. उलट त्याच्या काचेवरूनच पाल गेली तर तिचा त्याला हत्ती दिसतो. आमच्याकडे पाली भरपूर. पहिल्या महिन्यात सगळं घर ताडकन उठायचं. नंतर बायको कूस न बदलता म्हणायला लागली, "पाल असेल."

हे ऐकलं आणि मला लाल महालच आठवला. 5 एप्रिल 1663 ची रात्र, रमझानचा महिना. शायिस्ताखान लाल महालात मुक्काम ठोकून होता आणि परवान्याशिवाय मराठा माणसाला पुण्यात शिरायची बंदी होती. शिवाजी महाराज आणि त्यांची निवडक माणसं आत शिरली ती स्वयंपाकघराच्या बाजूने, विटा-मातीने बुजवून टाकलेल्या वाटेने. बुजवलेली म्हणजे पहाऱ्यातून वगळलेली. बायपास म्हणतात तो हाच. पुढचं मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहिलेलं वाचण्यासारखं आहे. कुदळीचा आवाज ऐकून एक नोकर खानाला कळवायला धावला. खान उलट त्याच्यावरच चिडला: रमझान आहे, आचारी पहाटेच्या खाण्याच्या तयारीला उठले असतील! थोड्याच वेळात त्याची बोटं गेली. म्हणजे अलार्म वाजला होता, वेळेवर आणि अचूक. खानाने कूस बदलली नाही.

इथे मात्र भाच्याच्या संगणकाने बाजी मारली, हे कबूल केलं पाहिजे. त्याने साधी दोन साक्षीदारांची पद्धत घातली. नुसता स्वयंपाकघरातला सेन्सर ओरडला तर तिथला दिवा लावायचा आणि कॅमेऱ्यातलं चित्र फोनवर पाठवायचं, बस. मागचं दारही उघडल्याचं कळलं तरच भोंगा आणि सगळं घर उजळणं. यासाठी त्याला पॅनेलच्या आणखी दोन आउटपुटांना तारा लावाव्या लागल्या, त्याही बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या नव्हेत. पाली आता फोनवर येतात. काही चित्रं चांगली आली आहेत.

मे महिन्यात आम्ही आईला घेऊन गोव्याला गेलो, तेव्हा त्याने आणखी एक प्रयोग केला. घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून संध्याकाळी वेगवेगळ्या खोल्यांतले दिवे वेगवेगळ्या वेळी आपोआप लागायचे. चोर फसले की नाही ते सांगता येत नाही. जोशी काकूंचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "तुम्ही गोव्याला म्हणालात ना? मग साडेआठला तुमच्या माडीवर दिवा कसा? तुमच्याकडे साडेआठला कोणी माडीवर जात नाही." मी व्यवस्था समजावून सांगितली. त्यावर त्या म्हणाल्या, "मग साडेनऊचा करायला सांगा. आणि दुधाच्या पिशव्या दाराला लटकताहेत, त्या मी घेतल्यात." गवळ्याला नको म्हणून सांगायचं राहिलं होतं, त्याला ऑटोमेशनमध्ये अजून जागा नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा या दोघांची खरी परीक्षा होते. राउटर मान टाकतो, त्याच्यामागे कारभारी जातो, आणि एवढ्या हुशार घरात साधा दिवाही कोणाचं ऐकत नाही. पत्र्याच्या पेटीतली ती जड बॅटरी मात्र काही न बोलता दिवसभर पहारा देते. भाच्याने आता राउटरसाठी इन्व्हर्टर सुचवला आहे. इन्व्हर्टर, मग त्याची बॅटरी, मग बॅटरीतलं पाणी संपत आलं की सांगणारा सेन्सर, अशी यादी त्याच्या फोनमध्ये तयार आहे.

पॅनेलला एक दडपणाचा कोडही असतो. चोराने धमकावून अलार्म बंद करायला लावला तर नेहमीच्याऐवजी हा आकडा दाबायचा. वरवर सगळं शांत होतं आणि गुपचूप निरोप मात्र बाहेर जातो. भाच्याने तो आजीला शिकवायचा ठरवला. आजीने पूर्ण ऐकून घेतलं. "चोर समोर उभा, आणि मी आठवत बसू कुठला आकडा खरा नि कुठला खोटा?" ती म्हणाली. "मी आपली ओरडेन." त्यावर भाच्याने ओरडणं ओळखणारा सेन्सर शोधायला घेतला. पण आई जपाच्या आधी रोज सकाळी मावशींशी ज्या आवाजात बोलते, तो ऐकून त्याने ते काम तूर्त बाजूला ठेवलं आहे.

परवा पॅनेलच्या वार्षिक तपासणीला माणूस आला. पेटी उघडून त्याने आमच्या तारा पाहिल्या, ऑप्टोकपलरला बोट लावलं, "हे ठीक आहे" म्हणाला. मग आतल्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली तारेची एक जास्तीची जोडी ओढून काढून विचारलं, ही कशाला? ती पॅनेलच्या आत येणाऱ्या बाजूला, म्हणजे ऐकणाऱ्या बाजूला, पोचेल एवढी लांब होती. मी भाच्याला फोन लावला. "असू दे मामा," तो म्हणाला, "पुढेमागे लागेल." तपासणीवाल्याकडून मी इन्सुलेशन टेप मागून घेतली आणि दोन्ही टोकांना चांगली जाड गुंडाळली.